वर्ग म्हणून अजिंठा: धर्म-अभ्यासाच्या गटांसाठी परीक्षण

पाली, संस्कृत, कला-इतिहास किंवा तौलनिक धर्म शिकवणाऱ्या विभागात अभ्याससहलीचा विषय निघाला की अजिंठ्याचं नाव आपसूक पुढे येतं. सहल बहुतेक वेळा एका दिवसात उरकते. सकाळी संभाजीनगरहून बस, तीन तास लेणी, जेवण आणि परतीचा रस्ता. मुलं पद्मपाणीचा फोटो घेऊन येतात, अहवालात 'अप्रतिम चित्रकला' आणि 'जागतिक वारसा' हे शब्द येतात, पण बौद्ध धर्माबद्दल नवं काही कळल्याची खूण त्या अहवालात सापडत नाही. यात मुलांची चूक नाही. म्हणून हे परीक्षण जागेइतकंच तिथे शिकवण्याच्या पद्धतीचंही आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. ग्रंथ आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून बौद्ध धर्म शिकवायचा असेल तर याहून चांगला वर्ग देशात मिळणं कठीण. मात्र त्यासाठी दोन पूर्ण दिवस हवेत, गट बारा-पंधरा जणांचाच हवा आणि प्रत्येकाच्या हातात मूळ कथेची प्रत हवी. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त वेळा मोडली जाते.

आधी जाण्यायेण्याचं. लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही करायची असतील तर बुधवारी किंवा गुरुवारी अजिंठ्याला पोहोचावं. संभाजीनगरहून अंतर साधारण १०० किलोमीटर, जळगावहून ६०च्या आसपास. मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणाऱ्या गटाला जळगाव सोयीचं. मुक्काम फर्दापुरात करावा, म्हणजे सकाळी नऊला दार उघडताना आत शिरता येतं. खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच थांबतात. पुढचे चार किलोमीटर एस.टी. महामंडळाच्या बसने जावं लागतं. वर पायऱ्यांचा चढ आहे. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, दर आधी ठरवून घ्यावा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात वाघोरा नदी आणि धबधबा डोळ्यांचं पारणं फेडतात, पण आत काळोख आणि दमट हवा, त्यामुळे चित्र वाचायला तो काळ वाईट.

लेण्यांना क्रमांक दिलेत ते दारापासून चालत जाण्याच्या ओळीने, वयाच्या क्रमाने नव्हेत. हे पहिल्याच तासाला सांगितलं नाही तर मुलं एक नंबर म्हणजे सगळ्यात जुनं असं धरून चालतात आणि पुढचा सगळा काळक्रम बिघडतो. जुनी लेणी आहेत मधली: ९, १०, १२, १३ आणि १५-अ. ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली. बाकीची पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाभोवतीची. हा दुसरा टप्पा अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी जेमतेम दोन दशकांत बसवला. सगळ्या अभ्यासकांना तो मान्य नाही. मुलांना ही तारीख वाद म्हणूनच सांगावी.

क्रमांकांचा एक व्यवहारी फायदा मात्र आहे. गर्दी एक नंबरपासून सुरू होते आणि ओळीने पुढे सरकते. म्हणून सकाळी नऊला आत शिरल्यावर १ आणि २ सोडून थेट १७ गाठावं. पहिला दीड तास तुलनेने शांत मिळतो. १ आणि २ साठी दुपारी साडेतीननंतर मागे यावं. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात आणि मागून रांग असली की चौकीदार पुढे सरकायला सांगतात. ते त्यांचं कामच आहे. श्वासातली वाफ आणि अंगाची उष्णता त्या भिंतींना खरोखर बाधते. गट दोन तुकड्यांत आत-बाहेर केला तर कुणाचाच खोळंबा होत नाही. पादत्राणं बाहेर काढायची असतात, तेव्हा मोजे घातलेले बरे.

उजेडाबद्दल बऱ्याच तक्रारी ऐकू येतात. दिवे मंद आहेत हे खरं, पण ते मुद्दाम तसे ठेवलेत, कारण प्रखर प्रकाशाने रंग उडतात. फ्लॅशला बंदी आहे. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढा वेळ फोन खिशात ठेवायला लावा. पडद्याच्या उजेडाने सरावलेले डोळे पुन्हा बिघडतात. गटात दोन दुर्बिणी असाव्यात, आणि त्या ८×४२च्या. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, तेवढ्या रुंदीचा प्रकाश डोळ्यात पोहोचतो. सहलीला नेतात त्या छोट्या १०×२५ दुर्बिणीत हा आकडा अडीच, म्हणून तिच्यातून काळोखच दिसतो. घेताना दुर्बीण दोन मीटरवरचं स्पष्ट दाखवते का, हेही पाहावं. कठड्यापासून भिंत फार लांब नसते आणि स्वस्त दुर्बिणी चार-पाच मीटरच्या आत फोकसच होत नाहीत. टिपणासाठी पेन्सिल आणि पुठ्ठ्याची पाटी पुरे.

आता मुख्य गोष्ट. धर्म-अभ्यासाच्या दृष्टीने १७ क्रमांकाचं लेणं म्हणजे आख्खं सत्र आहे. वर्गाची सुरुवात आत न शिरता ओसरीतच करावी. तिथे डाव्या हाताला एका मोठ्या चाकाचा अर्धामुर्धा तुकडा शिल्लक आहे, आणि ते चाक धरणारे दोन हात. हे भवचक्र, म्हणजे जन्म-मृत्यूच्या फेऱ्याचं चित्र. मूलसर्वास्तिवादी या जुन्या बौद्ध पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, एक उतारा आहे. बुद्धांचा धनवान उपासक अनाथपिंडद विहार रंगवायची परवानगी मागतो आणि कुठे काय काढायचं ते त्याला सांगितलं जातं: बाहेरच्या दारावर दंड घेतलेला यक्ष, द्वारकोठ्यात भवचक्र, ओसरीत जातकं (बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथा), कोठारात आणि स्वयंपाकघरात आणखी काही, आजाऱ्यांच्या खोलीत रुग्णाची सेवा करणारे बुद्ध. हा उतारा छापून हातात द्या आणि मुलांना विचारा, इथे काय जुळतं आणि काय जुळत नाही? चाक दाराशी आहे, जातकं आहेत, पण सगळ्या सूचना पाळलेल्या दिसत नाहीत. ग्रंथात नियम असतो आणि भिंतीवर प्रत्यक्ष आचार असतो. धर्माचा अभ्यास या दोहोंच्या मधल्या फटीत होतो, आणि ती फट इथे बोट ठेवून दाखवता येते.

त्याच ओसरीत दाराच्या पट्टीवर आठ बुद्ध ओळीने बसलेत, सात होऊन गेलेले आणि आठवा येणारा मैत्रेय. दाराच्या डावीकडे जातकातला विश्वंतर राजपुत्र आणि त्याची बायको माद्री. आत डाव्या भिंतीवर तीच कथा पुन्हा, पण सविस्तर. दान देता देता राज्याचा हत्ती दिला, म्हणून वनवास. रथ बाजारातून जातो, दुकानं दिसतात. पुढे ब्राह्मण जूजक मुलं मागतो आणि विश्वंतर तीही देऊन टाकतो. शेवटी आजोबा मोल देऊन नातवंडं सोडवतात. त्या प्रसंगातला जूजकाचा चेहरा दुर्बिणीतून नीट बघावा: हनुवटीवर दाढी, विरळ दात, लोभाने सुटलेलं तोंड. मूळ कथा वाचून आलेल्या मुलांना इथे खरा प्रश्न पडतो. पोटची मुलं देऊन टाकणं हे पुण्य कसं? चित्रकारानेही तो प्रश्न लपवलेला नाही. घेणाऱ्याला त्याने इतकं ओंगळ काढलंय की दानाची किंमत अंगावर येते. 'दानपारमिता' (दानाची परिसीमा) हा शब्द फळ्यावर लिहून जे कळत नाही ते या चेहऱ्यासमोर कळतं.

कथा न वाचता आलेल्यांचं काय होतं? ते डावीकडून उजवीकडे वाचू लागतात आणि गोंधळतात. अजिंठ्यातल्या भिंती काळाच्या क्रमाने मांडलेल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी प्रसंग जागेनुसार एकत्र केलेत: राजवाड्यात घडलेलं सगळं एका बाजूला, अरण्यात घडलेलं दुसऱ्या बाजूला, मग ते कथेत आधी येवो की नंतर. एकच पात्र एका चौकटीत तीनदा दिसतं. हे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी बारकाईने दाखवून दिलं, आणि कितीतरी भिंतींची ओळख त्यांनी ग्रंथांच्या आधारे नव्याने लावली. सतराव्या लेण्यातल्या उजव्या भिंतीवरचं सिंहल अवदान, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा, हे त्याचं उत्तम उदाहरण. जहाज फुटतं, व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर अडकतात, पांढरा घोडा सिंहलाला वाचवतो. पाली वलाहस्स जातकात गोष्ट इथेच संपते. भिंतीवर मात्र राक्षसीण मूल घेऊन मागोमाग येते, राजाला भुलवते, राजवाड्यात संहार होतो आणि सिंहल राजा होऊन बेटावर चालून जातो. हा पुढचा भाग दिव्यावदानात, म्हणजे संस्कृत परंपरेत सापडतो. फक्त पाली जातक घेऊन गेलेला गट अर्ध्या भिंतीसमोर हताश उभा राहतो. पाली विभागांनी संस्कृतच्या शिक्षकांना सोबत न्यावं ते यासाठी.

शिबी राजाचंही असंच. महाभारतामुळे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ससाणा, कबुतर आणि तराजू माहीत असतो. पहिल्या लेण्यात तीच कथा आहे. सतराव्या लेण्यात मात्र शिबी डोळे दान करतो, जसे पाली जातकात आणि आर्यशूराच्या जातकमाला या संस्कृत काव्यात करतो. एकाच नावाचा राजा, एकाच डोंगरात, दोन निरनिराळ्या कथांत. पदव्युत्तर वर्गाला प्रबंधिकेचा विषय म्हणून हे एक उदाहरण पुरेल.

सोळाव्या लेण्यातल्या एका चित्राला गाईडच्या तोंडून तुम्ही 'मरणारी राजकन्या' हे नाव ऐकाल. ते नाव एकोणिसाव्या शतकात पडलं आणि पाठ्यपुस्तकांत रुतून बसलं. खरं तर कुणी मरत नाही. ती नंदाची बायको सुंदरी. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाल्याची बातमी घेऊन सेवक त्याचा मुकुट परत आणतो, आणि ती कोसळते. मान कलंडलेली, पापण्या जड, बोटं सैल पडलेली, मागून सावरणारी दासी. हाच प्रसंग संस्कृत कवी अश्वघोषाने सौंदरनंद या काव्यात रंगवलाय. मुलांना सहावा सर्ग वाचून यायला सांगा आणि मुकुट काव्यात सापडतो का ते शोधायला लावा. चुकीच्या नावामुळे एका दीक्षेची कथा नुसती करुण तसबीर होऊन बसली होती. ग्रंथ हाती आला की बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मागे घरात काय उरतं, हा संन्यासाचा जुना प्रश्न त्या भिंतीवर परत येतो. याच लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. वाकाटकांच्या लेखांवर नागपूरच्या वा. वि. मिराशींनी केलेलं काम इथे उपयोगी पडतं. दात्याने स्वतः काय लिहून ठेवलंय, हा कथा आणि चित्राच्या जोडीला तिसरा पुरावा, आणि तो सहसा कुणी वाचत नाही.

दहावं लेणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात निराश करणारं, जर नुसतं बघायला गेलात तर. उजव्या भिंतीवर षड्दंत (सहा सुळ्यांच्या) हत्तीची आणि श्याम या मातृपितृभक्त मुलाची कथा आहे, पण काळवंडलेली आणि खरवडलेली. आधी रेखाचित्रांच्या प्रती बघून गेलं तरच हत्तींचा कळप डोळ्यांना सापडतो. याच दोन कथा पाचशे वर्षांनी सतराव्या लेण्यात पुन्हा रंगवल्या गेल्या. दोन्ही एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने बघाव्यात. आधीच्या चित्रात कथा लांब पट्टीसारखी पुढे सरकते, नंतरच्यात ती भिंतभर पसरते. कथा तीच राहूनही बघणाऱ्याकडून अपेक्षा बदलली. 'हीनयान लेणी' आणि 'महायान लेणी' हे सरधोपट शिक्केही इथेच गळून पडतात, कारण बोधिसत्त्वाच्या, म्हणजे पूर्वजन्मींच्या बुद्धांच्या, कथा दोन्ही काळांत आहेत. पहिला शब्द तर विरोधकांनी दिलेला, त्यात हिणवण्याचा भाव आहे. वर्गात तो वापरू नये. इथल्याच एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी आपलं नाव कोरून ठेवलंय, रंगवलेल्या आकृतीवरच. ते हाताच्या उंचीच्या वर आहे, कारण तेव्हा लेणं मातीने भरलेलं होतं.

दुसऱ्या लेण्यात क्षमाशील ऋषी क्षान्तिवादी याच्या चित्राशी आर्यशूराच्या जातकमालेतले श्लोक लिहिलेले होते. जर्मन संस्कृतज्ञ हाइनरिख ल्यूडर्स यांनी ते १९०२ साली ओळखले. ३४ कथांचं हे संस्कृत काव्य चित्रकारांच्या किंवा दात्याच्या हाती होतं, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. अक्षरं आता फिकट आहेत. तिथे वाचायचा हट्ट न धरता छापील पाठ सोबत न्यावा.

रंगांच्या बाबतीत एक सावधगिरी. ही ओल्या चुन्यावरची चित्रं नव्हेत. माती, दगडाची भुकटी, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी आणि हिरवी माती जवळपासची, निळा मात्र लाजवर्द या दगडाचा, बाहेरून आणलेला. ओल लागली की गिलावा रंगासकट सुटतो, म्हणून इतकं गेलं. निजाम सरकारच्या काळात, १९२०च्या सुमाराला, इटालियन तज्ज्ञांनी काही भिंतींवर लाखेचं रोगण चढवलं. ते पुढे पिवळं पडलं. पुरातत्त्व खात्याने बरंच काढलंय, तरी पिवळसर झाक पाहून कुणी 'वैराग्याचा रंग' असं अहवालात लिहिलं तर ते खोडावं. फोनच्या कॅमेऱ्यातले रंगही पुरावा धरू नयेत. रात्रीच्या मोडमध्ये फोन स्वतःच रंग सारखे करतो.

शिक्षकाच्या पूर्वतयारीला इथल्या चित्रांच्या नकलांची पुस्तकं हवीत: जॉन ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये छापलेले दोन खंड आणि निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ मधले चार भाग. ग्रिफिथ्सनी जे.जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून ज्या नकला केल्या, त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. त्याआधी ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांच्या नकला १८६६ च्या आगीत गेल्या होत्या. भिंतीवरून नाहीशी झालेली पुष्कळ तपशिलं आज फक्त या छापील पानांत उरलीत. शिक्षकाने ती न बघता जाणं म्हणजे अर्धा पुरावा घरी ठेवून जाणं. मात्र मुलांना आधी कथा द्यावी, चित्रांची पानं (दहाव्या लेण्याची सोडून) परतल्यावर द्यावीत. आधी दिली तर मुलं भिंतीवर छापील चित्र शोधत बसतात, भिंत बघत नाहीत.

काम असं वाटावं: एका विद्यार्थ्याला एक कथा, एक भिंत आणि सलग चाळीस मिनिटं. पहिल्या कागदावर नुसतं दिसेल ते, नाव न देता: किती माणसं, कुणाची नजर कुठे, हातात काय. दुसऱ्या कागदावर ग्रंथातले प्रसंग क्रमाने. तिसऱ्यावर फरक. भिंतीवर आहे पण ग्रंथात नाही, ग्रंथात आहे पण भिंतीवर नाही. अहवालाला निम्मे गुण या तिसऱ्या कागदाला ठेवा. पहिला कागद घाईने भरला जातो आणि तिथेच काम फसतं. 'राजा' असं लिहून मोकळं होण्याआधी तो राजा आहे हे कशावरून, एवढं विचारलं की पुरे.

दुसऱ्या दिवशीचा उत्तरार्ध २६ क्रमांकाला द्यावा. डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती, खाली शोक करणारे, पलीकडे बुद्धांना मोहात पाडू पाहणाऱ्या मार या दैत्याचा हल्ला. इथला शिलालेख बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा आहे. त्यात पुण्य आईवडिलांना आणि अश्मक राज्याच्या भव्विराज या मंत्र्याला अर्पण केलंय. भिक्षू दाता कसा, आणि घर सोडलेल्या माणसाच्या पुण्यात आईवडील कसे, हे दोन प्रश्न तिथेच चर्चेला घ्यावेत.

आणि चर्चा चालू असताना आवाज खाली ठेवावा. १९५६च्या बौद्ध धर्मांतरानंतर ही जागा महाराष्ट्रातल्या लाखो घरांसाठी स्वतःच्या धर्माचं ठिकाण आहे. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं येतात, सव्विसाव्या लेण्यात कुणी हात जोडून उभं असतं, कुणी लेकराला कथा सांगत असतं. त्यांना अडथळा न करता, विचारून, नाव न टिपता ते काय सांगतात ते ऐकावं. बऱ्याचदा ती कथा जातकातली नसते, बाबासाहेबांच्या ग्रंथातली असते. तिच्यासाठी वहीत चौथा कागद जोडावा.